आफ्रिकेतले फुलकंद कुंडीत कसे वाढवावेत: आधी पाऊस ओळखा, मग पाणी द्या

फुलकंद विकत घेताना आपण फुलाचा रंग विचारतो, उंची विचारतो, वास येतो का ते विचारतो. आफ्रिकेतल्या कंदांच्या बाबतीत या सगळ्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: हा कंद जिथला आहे तिथे पाऊस कधी पडतो? पाणी कधी सुरू करायचं, कधी तोडायचं, कुंडी उन्हात ठेवायची की छपराखाली सरकवायची, फूल पानांआधी येणार की नंतर, हे सगळं त्या एका उत्तरावरून ठरतं. हे कंद दगावतात ते बहुतेक वेळा दुर्लक्षामुळे नव्हे, तर झोपेच्या दिवसांत मायेने घातलेल्या पाण्यामुळे.

ग्लॅडिओलस, फ्रीजिया, नेरीन, कॅला लिली, युकोमिस, लॅकेनालिया, हेमँथस, बाबियाना, स्पॅरॅक्सिस, सायर्टँथस ही सगळी मंडळी आफ्रिकेची, त्यातही मुख्यतः दक्षिण टोकाकडची. यातले काही खरे कंद आहेत, म्हणजे कांद्यासारखे पापुद्र्यांचे. काही भरीव घनकंद आहेत, काहींची नुसती जाड मुळं किंवा गड्डे आहेत. दिसायला, उंचीला, स्वभावाला एकमेकांपासून फार वेगळे असले तरी एक गोष्ट बहुतेकांत सारखी आहे. वर्षातला कठीण काळ जमिनीखाली काढायचा आणि पाऊस आला की वर यायचं, अशी यांची रीत आहे.

पहिली पायरी: कंद कोणत्या पावसाचा आहे ते शोधा

दक्षिण आफ्रिकेच्या नैऋत्य कोपऱ्यात, म्हणजे केप टाउनच्या आसपास आणि तिथून उत्तरेकडे, पाऊस हिवाळ्यात पडतो. तिथला हिवाळा साधारण मे ते ऑगस्ट असतो. उन्हाळा कडक आणि कोरडा. याच भागात केप फ्लोरिस्टिक रीजन हा वनस्पतींचा विलक्षण प्रदेश आहे. जेमतेम ९०,००० चौरस किलोमीटरांत सुमारे ९,००० प्रजाती, आणि त्यांतल्या दोन तृतीयांशाहून जास्त जगात दुसरीकडे कुठेही नैसर्गिकरीत्या सापडत नाहीत. कंदांची तर इथे रेलचेल आहे. थोडं उत्तरेला न्यूवूडव्हिल नावाचं गाव आहे. त्याला जगाची कंद-राजधानी म्हणतात, आणि वसंतात तिथली माळरानं पाहिलेल्या कुणालाही त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

या भागातले कंद शरद ऋतूत जागे होतात, थंडीत पानं वाढवतात, वसंतात फुलतात आणि उन्हाळ्यात पूर्ण झोपतात. लॅकेनालिया, फ्रीजिया, इक्सिया, स्पॅरॅक्सिस, बाबियाना, मॅसोनिया, हेमँथस कॉक्सिनियस, नेरीन सार्निएन्सिस आणि खरी अमॅरिलिस बेलाडोना हे सगळे हिवाळी गटातले.

पूर्वेकडे, ड्रॅकन्सबर्ग डोंगररांगेत आणि क्वाझुलू-नाताल भागात, चित्र नेमकं उलटं आहे. तिथे पाऊस उन्हाळ्यात, साधारण ऑक्टोबर ते मार्च, आणि हिवाळा कोरडा. युकोमिस, नेरीन बोडेनाय, रंगीत कॅला लिली, बूफोनी डिस्टिका आणि बाजारातल्या मोठ्या फुलांच्या ग्लॅडिओलसचा मुख्य पूर्वज ग्लॅडिओलस डेलिनाय हे उन्हाळी गटात येतात. उष्णकटिबंधीय आफ्रिकेतली स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस, म्हणजे फुटबॉल लिली, आणि कळलावी यांनाही याच गटात धरावं. कळलावी तर आफ्रिकेत आणि आशियात दोन्हीकडे मूळचीच आहे.

तिसरा गट लहान पण सोयीचा आहे. जंगलाच्या कडेला, सावलीत वाढणारे आणि कधीच पूर्ण न झोपणारे. क्लिव्हिया आणि हेमँथस अल्बिफ्लोस ही त्याची उत्तम उदाहरणं.

इथे एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. एकाच कुळनामाचे भाऊबंद दोन्ही बाजूंना सापडतात. नेरीन सार्निएन्सिस हिवाळी आहे आणि नेरीन बोडेनाय उन्हाळी. हेमँथस, ग्लॅडिओलस, मोरिया यांच्यातही असंच. त्यामुळे पाकिटावर नुसतं ‘नेरीन’ लिहिलेलं असेल तर ती माहिती अर्धी आहे. पूर्ण नाव मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. तसंच ‘अमॅरिलिस’ म्हणून विकला जाणारा मोठा कंद बहुतेक वेळा दक्षिण अमेरिकेतला हिपिअ‍ॅस्ट्रम असतो. सुंदर आहे, पण या लेखातली वेळापत्रकं त्याला लावू नका.

दुसरी पायरी: तुमच्या रात्री किती थंड होतात ते पाहा

हिवाळी गटाला दिवसाच्या गारव्यापेक्षा रात्रीचा गारवा महत्त्वाचा असतो. वाढीच्या काळात रात्रीचं तापमान साधारण ५ ते १२ अंश सेल्सिअस राहिलं तर लॅकेनालियाची पानं आखूड, जाड, ठिपकेदार येतात आणि दांडा ताठ उभा राहतो. तेच रात्री १८-२० अंशांच्या खाली उतरल्याच नाहीत, तर पानं लांबट होऊन कुंडीबाहेर लोंबतात आणि कळ्या धरल्या तरी वाळून जातात. खतपाणी बदलून हे सुधारत नाही. जिथे रात्री उबदारच राहतात तिथे उन्हाळी आणि सदाहरित गट निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे स्कॅडॉक्सस आणि युकोमिस जे वैभव देतील ते लॅकेनालिया देणार नाही. उलट जिथे हिवाळ्यात जमीन गोठते, तिथे हिवाळी गट गोठणबिंदूच्या वर राहणाऱ्या उजेडाच्या जागी, काचेआड ठेवावा लागतो.

फ्रीजियाची गोष्ट जरा निराळी आहे. तिच्या घनकंदाला झोपेत उष्णता लागतेच. फुलशेती करणारे ते १० ते १३ आठवडे सुमारे ३० अंशांवर ठेवतात, तेव्हा कुठे त्यांची झोप मोडते. उन्हाळाभर थंड जागी ठेवलेली फ्रीजिया लावली तरी उगवत नाही आणि माणूस माती उकरून पाहत बसतो. पुढची वाढ मात्र तिला गारव्यातच हवी.

दक्षिण गोलार्धातून आलेला कंद उत्तर गोलार्धात लावायचा असेल, तर ऋतू सहा महिन्यांनी उलटतात. उन्हाळी कंद तिकडच्या झोपेत असताना निघाला आणि तुमच्याकडे उन्हाळ्याच्या सुरुवातीला पोचला, तर सरळ लावून टाका. हिवाळी कंद तुमच्या हिवाळ्याच्या मध्यावर पोचला तर दोन पर्याय आहेत. कंद मोठा आणि कडक असेल तर येत्या शरद ऋतूपर्यंत कोरडा ठेवा. लहान असेल तर लगेच लावा, मिळेल तेवढा थंडीचा काळ त्याला वापरू द्या आणि पहिल्या वर्षी फुलाची अपेक्षा ठेवू नका.

तिसरी पायरी: कंद हातात घेऊन पारखा

चांगला कंद आकाराच्या मानाने जड लागतो. बोटांनी बुडाची चकती दाबून पाहा, म्हणजे जिथून मुळं फुटतात तो भाग. ती कडक आणि कोरडी हवी. चकती मऊ लागली किंवा तिथे राखाडी-निळसर बुरशी दिसली तर कंद वरून कितीही टपोरा असला तरी घेऊ नका. बाहेरचा वाळका पापुद्रा सैल करून आत पांढरी कापसासारखी पूड दिसते का तेही बघा. तो पिठ्या ढेकूण असतो, आणि एका कंदाबरोबर तो घरातल्या सगळ्या कुंड्यांत पोचतो.

कंद रोपवाटिकेत बियांपासून किंवा पिल्लांपासून वाढवलेला आहे याची खात्री करून घ्या. दक्षिण आफ्रिकेत रानातून परवान्याशिवाय कंद खणणं हा गुन्हा आहे आणि तरीही चोरटी खणणी थांबलेली नाही. काही प्रजाती एखाद-दुसऱ्या टेकडीवरच उरल्या आहेत. लॅकेनालिया व्हिरिडिफ्लोरा, जिचा निळसर-हिरवा रंग फुलांत क्वचितच दिसतो, ती पश्चिम किनाऱ्यालगतच्या अगदी छोट्या पट्ट्यातली आहे. बियांपासून ती सहज वाढते, मग रानातून उपटलेला कंद घेण्याचं काहीच कारण नाही.

चौथी पायरी: माती आणि कुंडी

केपमधली बरीचशी जमीन रेताड आणि निकस आहे. फॉस्फरस तर अगदीच कमी. तिथे वाढलेल्या कंदाला शेणखताने भरलेली काळी माती दिली की पानं फोफावतात आणि बूड कुजतं. माझ्या हाताला बसलेलं मिश्रण असं: दोन भाग जाड, धुतलेली वाळू, एक भाग परलाईट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) किंवा बारीक खडी, एक भाग चाळलेला, पूर्ण कुजलेला पालापाचोळा. वाळू जाडच हवी. बांधकामातली बारीक, गाळ मिसळलेली वाळू ओली झाली की घट्ट बसते आणि निचरा अडतो. ती बादलीत घेऊन, ढवळून, गढूळ पाणी ओतून टाकायचं. पाणी नितळ निघेपर्यंत हे करत राहायचं.

उन्हाळी गटाला याहून थोडी सकस माती चालते. तिथे वाळू आणि पालापाचोळा निम्मे-निम्मे घ्या. क्लिव्हियाला जाडसर साल, पालापाचोळा असं भरड, हवेशीर माध्यम लागतं, कारण तिची जाड मुळं चिकट मातीत गुदमरतात.

मातीची कुंडी बाजूंनी सुकते, म्हणून झोपेच्या काळात ती सुरक्षित. प्लास्टिकची कुंडी ओलावा धरते, तेव्हा तिच्यात वाळूचं प्रमाण वाढवा. खोली रुंदीपेक्षा महत्त्वाची आहे. बाबियानासारखे घनकंद आकुंचन पावणाऱ्या खास मुळांनी स्वतःला दरवर्षी थोडं खाली ओढून घेतात. उथळ कुंडीत त्यांना जायला जागाच उरत नाही.

पाचवी पायरी: किती खोल लावायचं

‘कंदाच्या उंचीच्या दुप्पट खोल’ हा सरसकट नियम इथे घात करतो. नेरीन, अमॅरिलिस बेलाडोना, हेमँथस, स्कॅडॉक्सस यांची मान मातीच्या पातळीला किंवा वर राहू द्यावी. हेमँथस अल्बिफ्लोसचा तर निम्मा कंद उघड्यावर राहिला तरी बिघडत नाही, उजेडात तो छान हिरवा होतो. लेडेबूरिया सोशिआलिसचे छोटे जांभळट कंद मातीवर मांडल्यासारखे बसवायचे.

लॅकेनालिया २-३ सेंटिमीटर खाली. स्पॅरॅक्सिस, इक्सिया, फ्रीजिया ५ सेंटिमीटर. मोठ्या ग्लॅडिओलसला आणि युकोमिसला १० सेंटिमीटर, बाबियानालाही तेवढंच किंवा थोडं जास्तच. ग्लॅडिओलस उथळ लावला तर फुलांच्या वजनाने दांडा आडवा होतो. कळलावीचा लांबट गड्डा आडवा ठेवून ५ ते ८ सेंटिमीटर माती घालायची आणि तिची टोकं जपायची. कोंब तिथूनच येतो, टोक मोडलं तर ते वर्ष वाया जातं.

लॅकेनालिया, स्पॅरॅक्सिस यांसारखे छोटे कंद एकमेकांपासून दोन बोटांच्या अंतरावर, दाटीने लावा. नेरीनही दाटी झाल्यावरच जोमाने फुलते. तिला मोठ्या कुंडीत एकटी ठेवली की ती पिल्लं घालत बसते.

सहावी पायरी: पाणी सुरू करणं

यासाठी कॅलेंडर बघू नका, कुंडी बघा. हिवाळी कंदांना पहिलं पाणी रात्री उतरू लागल्यावर, साधारण १५ अंशांच्या खाली गेल्यावर द्यायचं. कुंडी एकदा पूर्ण भिजवा, तळातून पाणी निघू द्या, मग कोंब दिसेपर्यंत पुन्हा पाणी नाही. मुळं नसलेल्या कंदाभोवती ओल साचली की तिथूनच कुज सुरू होते.

नेरीन सार्निएन्सिस आणि हेमँथस कॉक्सिनियस यांच्यात फूल आधी येतं, पानं मागून. यांच्या कुंडीत कळीचं टोक दिसेपर्यंत पाणी घालू नका. हेमँथस कॉक्सिनियसमध्ये उन्हाळा सरता सरता कोरड्या मातीतून, कोरड्या कंदातून लाल-पांढऱ्या ठिपक्यांचा जाड दांडा वर येतो. त्याच्या टोकाला लाल, मांसल पाकळ्यांसारख्या आवरणांची वाटी आणि तिच्यात पिवळ्या परागकोशांचा गच्च झुपका. फूल ओसरल्यावर दोन रुंद पानं येतात आणि जमिनीवर सपाट पसरतात. ती दोन पानं म्हणजेच पुढच्या वर्षीचं फूल, म्हणून त्यांच्यावर दुसरी कुंडी टेकवू नका, ती दुमडू नका.

पानं बाहेर आल्यावर मात्र पाण्यात हयगय नको. वाढीच्या काळात माती वरच्या दोन सेंटिमीटरांत सुकली की भरपूर पाणी. पाणी सकाळी, मातीवर, पानांच्या बेचक्यात न साचता. मिळेल तेवढं ऊन द्या. अल्बुका स्पायरालिसची कुरळी पानं सरळ होऊ लागली तर उजेड कमी पडतोय असं समजा. क्लिव्हिया, हेमँथस अल्बिफ्लोस आणि व्हेल्थाइमिया ब्रॅक्टिआटा यांना विरळ सावली.

खत कमी आणि पोटॅशकडे झुकलेलं. नत्र जास्त असलेल्या खताने पानं लुसलुशीत होतात, किडींना ती आवडतात आणि कंद पोकळ राहतो. विद्राव्य खत पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मं, पंधरवड्यातून एकदा, पानं हिरवी असेपर्यंत. फूल गळून गेल्यावर खत बंद करण्याची चूक बरेच जण करतात. कंद भरण्याचा काळ नेमका तेव्हाच असतो.

सातवी पायरी: पाणी तोडणं आणि झोप

माझ्या मते सगळ्या लेखातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे.

पानांची टोकं पिवळी पडू लागली तर ती आजाराची खूण नाही. पाणी निम्म्यावर आणा. तीन-चार आठवड्यांत पान अर्ध्याहून जास्त पिवळं झालं की पाणी पूर्ण बंद. हिरवं पान कापू नका, वेणी घालू नका, बांधू नका. ते सुकून, हलक्या ओढीने हातात येईल तेव्हाच काढा. त्या काळात पानातला साठा कंदात उतरत असतो.

मग कुंडी पावसापासून दूर, हवेशीर, कोरड्या जागी. उन्हाळ्यात जिथे पाऊस पडतो तिथे हिवाळी कंद छपराखालीच हवेत. चार दिवसांची गरम ओल त्यांना कुजवायला पुरते. नेरीन सार्निएन्सिसला झोपेत ऊब मानवते, तिची कुंडी छपराखालच्या उन्हाच्या कडेला ठेवा. बाकीच्यांना सावली बरी. बियांपासून आलेल्या, वाटाण्याएवढ्या कंदांच्या कुंडीत मात्र महिन्यातून एकदा हलका फवारा मारावा, नाहीतर ते चिपाड होतात.

उकरून काढायचे की कुंडीतच ठेवायचे? घनकंद काढता येतात. ग्लॅडिओलस काढल्यावर दिसेल की जुना घनकंद सुकून चपटा झालाय आणि त्याच्या वर नवा बसलाय, बुडाशी दाण्यांएवढ्या कंदिका. जुना पिळून वेगळा करा, नवा कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको. कंदिका लावल्या तर दोन-तीन वर्षांत फुलतात. नेरीन, हेमँथस, स्कॅडॉक्सस, सायर्टँथस, क्लिव्हिया यांना हात लावू नका. यांची मांसल मुळं वर्षानुवर्षं टिकतात आणि ती तुटली की झाड रुसतं, एखादं वर्ष फूल देत नाही. यांची कुंडी तीन-चार वर्षांनी, तीही नव्या वाढीच्या तोंडावर बदलावी.

सदाहरित गटाचं पाणी तोडायचं नाही, कमी करायचं. क्लिव्हियाला थंडीत सहा ते आठ आठवडे कमी पाणी आणि १०-१२ अंशांचा गारवा मिळाला की दांडा पूर्ण उंच येतो. हे मिळालं नाही की फूल पानांच्या बेचक्यातच अडकून उमलतं.

बियांपासून वाढवायचं असेल तर

इथे दोन तऱ्हा आहेत आणि त्यांची गल्लत झाली तर बी फुकट जातं.

लॅकेनालिया, फ्रीजिया, ग्लॅडिओलस, मोरिया यांचं बी कोरडं असतं. ते कागदात, थंड जागी ठेवलं तर पुढच्या हंगामापर्यंत आरामात टिकतं. हिवाळी प्रजातींचं बी शरद ऋतूत, रात्री गार झाल्यावर पेरा. खोल कुंडीत चौथ्या पायरीतलं मिश्रण वापरा, बी विरळ भुरभुरवा, वर दोन-तीन मिलिमीटर वाळूचा थर द्या आणि कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवून खालून भिजू द्या. दोन ते सहा आठवड्यांत अंकुर येतात. लॅकेनालियाचं पहिलं पान दोऱ्याएवढं बारीक आणि गोलसर असतं, मोठ्या झाडाच्या रुंद ठिपकेदार पानाशी त्याचा काही मेळ दिसत नाही. गवत समजून ते उपटलं जातं, म्हणून कुंडीवर नाव लावा. पहिले दोन हंगाम पुनर्लागवड नको. बहुतेक लॅकेनालिया दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलतात.

नेरीन, हेमँथस, अमॅरिलिस बेलाडोना, ब्रुन्सविगिया, क्लिव्हिया यांचं बी मांसल, ओलं असतं. ते सुकवलं की मरतं. फळ पिकलं की गर धुऊन काढा आणि त्याच आठवड्यात पेरा. मातीत पुरायचं नाही, नुसतं दाबून बसवायचं, निम्मं वर दिसू द्यायचं. काही वेळा पाकिटातच मूळ फुटलेलं मिळतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मूळ खाली करून बसवा. नेरीनला फुलायला तीन ते पाच वर्षं लागतात, क्लिव्हियाला चार-पाच, ब्रुन्सविगियाला दहा किंवा त्याहून जास्त. एवढा धीर असणाऱ्यांनीच ब्रुन्सविगिया पेरावी, पण पेरावी जरूर.

धुराबद्दल नेहमी विचारलं जातं. केपच्या झुडुपी रानाला ठरावीक वर्षांनी वणवा लागतो आणि तिथल्या वनस्पती त्याला सरावलेल्या आहेत. सायर्टँथस व्हेंट्रिकोसस ही फायर लिली आगीनंतर दोन आठवड्यांच्या आत काळ्या राखेतून लाल फुलं वर काढते. धुरामुळे बी रुजतं हे तिथल्या एका झुडपावर १९९० मध्ये दाखवलं गेलं, आणि धुरातला कॅरिकिन हा घटक २००४ मध्ये ओळखला गेला. तरी या लेखातल्या कंदांचं ताजं बी धुराशिवाय छान रुजतं. त्यासाठी वेगळा खर्च करू नका.

पानापासून नवे कंद

लॅकेनालिया, युकोमिस, व्हेल्थाइमिया, हेमँथस आणि लेडेबूरिया यांचं हे वैशिष्ट्य मला सर्वांत आवडतं. वाढीच्या भर काळात एक निरोगी, पूर्ण वाढलेलं पान घ्या. स्वच्छ धारदार पात्याने त्याचे आडवे, पाचेक सेंटिमीटरांचे तुकडे करा. तुकड्याची बुडाकडची बाजू कोणती हे विसरू नये म्हणून वरच्या टोकाला तिरपा काप द्या. कापलेली कड सावलीत दिवसभर सुकू द्या, मग खालचा एक तृतीयांश भाग जाड वाळूत किंवा परलाईटमध्ये खोचा. विरळ सावली, किंचित ओल, बाकी काही नाही. एक ते तीन महिन्यांत खालच्या कडेवर, शिरांच्या टोकाशी, मोहरीएवढे पांढरे ठिपके धरतात. तेच कंद. पान पिवळं पडून पूर्ण आटेपर्यंत ते हलवू नका. तुकडा उलटा खोचला गेला तर सहसा काहीच होत नाही, म्हणून त्या तिरप्या कापाला महत्त्व.

कीड, रोग आणि विष

पिठ्या ढेकूण पापुद्र्यांत आणि मुळांवर लपतो. झोपेच्या काळात कंद तपासून, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढला तर औषधाची गरज बहुधा पडत नाही. ग्लॅडिओलसच्या पाकळ्यांवर रुपेरी ओरखडे दिसले तर फुलकिडे. नेरीन, क्लिव्हिया, क्रायनम यांची पानं आतून पोखरली जाऊन पारदर्शक दिसू लागली, तर लिली बोअरच्या अळ्या. काळ्या-पिवळ्या असतात, हाताने वेचा, बेचक्यात खोलवर बघा. पानांवर आणि दांड्यावर लालसर तपकिरी चट्टे हा स्टॅगोनोस्पोरा बुरशीचा आजार. रोगट भाग कापून जाळा आणि वरून पाणी घालणं थांबवा.

पानांवर फिकट रेघा किंवा शबल नक्षी दरवर्षी येत असेल आणि झाड खुरटत असेल तर तो विषाणू. त्यावर औषध नाही. कितीही आवडता असला तरी तो कंद नष्ट करा, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसा. बियांतून येणारी रोपं सहसा स्वच्छ असतात, म्हणून जपण्यासारख्या प्रजातीचं बी नेहमी धरून ठेवावं.

यातले कितीतरी कंद विषारी आहेत. बूफोनी डिस्टिकाचा रस दक्षिण आफ्रिकेतले सान आदिवासी लोक बाणाच्या विषासाठी वापरत. कळलावीत कोल्चिसीन असतं, बोविया आणि ड्रिमियात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं, क्लिव्हिया-नेरीनमध्ये लायकोरीन. कापताना हातमोजे घाला, आणि काढलेले कंद स्वयंपाकघरात, कांदे-लसणाच्या जवळ कधीही ठेवू नका.

नको असलेले कंद रानात किंवा ओढ्याकाठी फेकू नका. वॉट्सोनिया आणि फ्रीजिया ऑस्ट्रेलियात, आणि केपमधलीच पिवळी ऑक्झॅलिस पेस-काप्री भूमध्य समुद्राकाठी, बागेतून सुटून तण होऊन बसल्या आहेत.

सुरुवात कुठून करावी, आणि फूल आलं नाही तर

उबदार रात्रींच्या जागी स्कॅडॉक्सस, युकोमिस, हेमँथस अल्बिफ्लोस आणि लेडेबूरिया सोशिआलिस. थंड हिवाळ्याच्या जागी लॅकेनालिया अ‍ॅलॉयडिस आणि स्पॅरॅक्सिस. पुढे हात बसला की मॅसोनिया डिप्रेसा मिळवा. जमिनीला टेकलेली दोन पानं आणि मध्ये घट्ट बसलेला फिकट फुलोरा. त्याचा जेलीसारखा दाट मधुरस चाटायला रात्री उंदीर येतात आणि तेच तिचं परागीभवन करतात.

फूल आलं नाही तर क्रमाने तपासा. गेल्या हंगामात पानं किती दिवस हिरवी राहिली? कमी दिवस राहिली असतील तर कंद भरलाच नाही. यंदा ऊन आणि पोटॅश वाढवा. पानं भरपूर पण कळी नाही, तर झोप अपुरी किंवा ओली झाली असेल, नाहीतर नत्र जास्त. कळी येऊन वाळली, तर रात्री उबदार होत्या किंवा दांडा वर येत असताना पाणी चुकलं. सगळं नीट असूनही फूल नाही आणि कंद नेरीन किंवा हेमँथसचा आहे, तर तो अलीकडे हलवलेला असणार. त्याला तिथेच, त्याच कुंडीत, आणखी एक वर्ष द्या.